चार वर्षांची रजा

मुलांनो, सिक्स्थ फॉर्ममध्ये असलेल्या आपल्या ताई-दादांच्या घरी हल्ली कोणता विषय चालतो ते तुम्हाला ठाऊक आहेच. कुठले विद्यापीठ, कुठला कोर्स, यूकॅसचा फॉर्म, पर्सनल स्टेटमेंट. त्याच वेळी तिकडे पुण्याला किंवा नागपूरला तुमची एखादी मामेबहीण किंवा आतेभाऊ इकडे यायची तयारी करत असतो. त्यांचे फॉर्म तुमच्यापेक्षा जास्त असतात. फी वेगळी, व्हिसा वेगळा, बँकेत अमुक इतके पैसे २८ दिवस पडून आहेत याचा कागद वेगळा. आणि त्यांच्या घरी रोज सकाळी वर्तमानपत्रात एक आकडा पाहिला जातो: आज पौंड किती रुपयांना आहे?

आज ज्यांची गोष्ट सांगायची आहे त्यांनीही हा आकडा पाहिला होता. नुसता पाहिला नाही, तर त्यावर पुस्तक लिहिले आणि त्या पुस्तकावर लंडन विद्यापीठाची सर्वांत मोठी पदवी मिळवली. त्यांचे नाव डॉक्टर भीमराव रामजी आंबेडकर. भारताच्या राज्यघटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते, हे तुम्ही शाळेत नाही तरी आपल्या वर्गात शिकलेला आहात. त्यांचे सगळे चरित्र चार पानांत मावणार नाही. म्हणून आज फक्त ते लंडनला शिकायला कसे आले, अर्धवट सोडून का गेले आणि परत कसे आले एवढेच पाहू.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातल्या महू या लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते आणि सैन्याच्या शाळेत शिकवीत. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगडजवळचे आंबडवे. हे कुटुंब महार जातीचे, म्हणजे त्या काळी अस्पृश्य मानलेले. हा शब्द इथे वाढलेल्या मुलांना नीट सांगायला हवा. अस्पृश्य म्हणजे ज्याला शिवायचे नाही असा माणूस. साताऱ्याच्या शाळेत लहानगा भीम घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसे. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही. शाळेच्या शिपायाने वरून पाणी ओतले तर प्यायचे आणि शिपाई नसला तर तहानलेले राहायचे.

पुढे मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ साली ते मॅट्रिक झाले. त्या समाजातला मुलगा मॅट्रिक होणे ही मोठी बातमी होती. कृष्णाजी अर्जुन केळुसकर नावाच्या शिक्षकांनी त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे नेले आणि महाराजांनी कॉलेजसाठी महिना २५ रुपये दिले. १९१२ साली भीमराव बी. ए. झाले. जानेवारी १९१३ मध्ये बडोद्याला नोकरीवर हजर झाले आणि थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. परत येताना सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते उतरले आणि गाडी सुटली. घरी पोचायला दुसरा दिवस उजाडला. २ फेब्रुवारीला रामजी वारले. मुलाने शिकावे म्हणून कर्ज काढणारा, त्याच्या अभ्यासासाठी रात्री उठवणारा हा बाप मुलाचे परदेशगमन पाहायला राहिला नाही.

त्याच वर्षी सयाजीरावांनी काही विद्यार्थी अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवायचे ठरवले. भीमरावांची निवड झाली. शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्याबद्दल ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारावर सही केली की शिक्षण झाल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करीन. मुलांनो, ही सही लक्षात ठेवा. पालकांनी तर जरूरच ठेवावी, कारण आजही परदेशी शिक्षणाच्या पुष्कळ शिष्यवृत्त्यांच्या मागे अशी एखादी सही असते, आणि ती करताना वय असते बावीस.

न्यूयॉर्कची तीन वर्षे आपण भरभर ओलांडू. तिथे नळाला हात लावायला कोणी अडवत नव्हते. एका टेबलाशी सगळ्यांबरोबर बसून जेवता येत होते. वसतिगृहात नवल भथेना नावाचा पारशी मित्र मिळाला, जो पुढे जन्मभर उपयोगी पडला. अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांचे आवडते विद्यार्थी म्हणून भीमराव ओळखले जाऊ लागले. १९१५ मध्ये एम. ए. झाले, १९१६ मध्ये पीएच. डी.चा प्रबंधही लिहून झाला. पण तिथला नियम असा होता की प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्याशिवाय पदवी नाही. छापायला पैसे नव्हते. ही पदवी त्यांना मिळाली १९२७ साली, अकरा वर्षांनी. तेव्हा हेही लक्षात घ्या की परदेशी शिक्षणाचा हिशेब फी आणि जेवणावर संपत नाही.

महाराजांकडून आणखी एका वर्षाची मुदत मागून घेऊन १९१६ मध्ये ते लंडनला आले. महायुद्ध चालू होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी नाव घातले. तिची फी होती १० पौंड १० शिलिंग. त्याच नोव्हेंबरात ग्रेज इनमध्येही नाव घातले, बॅरिस्टर होण्यासाठी. सेलिग्मन यांची शिफारस होतीच. इथले अर्थशास्त्राचे प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांनी त्यांची पात्रता पाहिली आणि कॉलेजच्या कचेरीला असे काहीसे कळवले की या गृहस्थांनी जिंकण्यासारखे आमच्याकडे आता फार काही उरलेले नाही. तरी भीमरावांनी वर्गात बसून भूगोल, राज्यशास्त्रातील विचार आणि समाजशास्त्र हे विषय घेतले. भूगोलाला हॅलफर्ड मॅकिंडर होते आणि समाजशास्त्राला हॉबहाउस. तुमच्यापैकी कोणी पुढे हे विषय घेतले तर ही नावे भेटतील.

आणि मग एका वर्षाच्या आतच शिष्यवृत्ती संपली. बडोद्याने मुदत वाढवायला नकार दिला आणि कराराप्रमाणे नोकरीवर बोलावले.

हा प्रसंग नीट समजून घ्या. हातात लंडनची एकही पदवी नाही. कायद्याचा अभ्यास नुकता सुरू झालेला. प्रबंधाची जमवाजमव अर्धी. घरी बायको रमाबाई, मुलगा यशवंत आणि बाकीचे कुटुंब परळच्या चाळीत पैशांची वाट पाहत असलेले. वय २६. अशा वेळी बहुतेक जण काय करतात? सामान बांधतात आणि म्हणतात, राहून गेले. भीमरावांनी सामान बांधले, पण जाण्याआधी लंडन विद्यापीठाकडे अर्ज केला की मला परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी असावी. जुलै १९१७ मध्ये विद्यापीठाने जास्तीत जास्त चार वर्षांची रजा मंजूर केली. म्हणजे दार उघडे राहिले, पण चार वर्षेच.

त्यांचे सामानही त्यांच्यासारखेच दोन वाटांनी निघाले. स्वतः ते युरोपातून मार्सेलिसला जाऊन कैसर-इ-हिंद बोटीने निघाले आणि २१ ऑगस्टला मुंबईला उतरले. पुस्तके आणि कागद थॉमस कुक कंपनीमार्फत दुसऱ्या बोटीने येत होते. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. विद्यार्थ्याची वर्षांची टिपणे समुद्राच्या तळाशी गेली. आज तुमचे सगळे गृहपाठ कुठेतरी आपोआप साठवले जातात, त्यामुळे याची कल्पना येणे कठीण आहे. कंपनीकडून नुकसानभरपाई मिळाली आणि बडोद्याला जाण्याचा खर्च त्या पैशातून झाला, एवढाच त्यातला उपयोग.

बडोद्याला जे घडले ते त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे. राहायला जागा मिळेना. हिंदू हॉटेलात जात विचारत. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले, दिवसाला दीड रुपया भाड्याने. वरच्या मजल्यावर अंधाऱ्या, अडगळीने भरलेल्या मोठ्या दालनात एकटेच. कचेरीत शिपाई हातात कागद न देता लांबून टाकत. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीला निघाले तर डझनभर पारशी माणसे काठ्या घेऊन जिन्यात उभी. संध्याकाळच्या आत जागा सोडली नाही तर बघून घेऊ, अशी धमकी. ओळखीच्या दोघांकडे आसरा मागितला, दोघांनीही अडचण सांगितली. मग कामाठी बागेत झाडाखाली बसून त्यांनी रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत तास काढले आणि मुंबईला परतले. कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकून आलेला, महाराजांच्या कचेरीतला अधिकारी हा.

त्यांच्या या आठवणींच्या लेखाचे इंग्रजी नाव आहे वेटिंग फॉर अ व्हिसा, म्हणजे व्हिसाची वाट पाहताना. गंमत अशी, गंमत म्हणवत नाही खरे तर, की लंडनला यायला त्यांना व्हिसा लागला नव्हता. त्या काळी हिंदुस्थानातले लोक ब्रिटिश राजाचे प्रजाजन होते. परवानगी लागली ती आपल्याच देशातल्या एका गावात एक खोली भाड्याने घ्यायला, आणि ती मिळाली नाही.

आता दहा वर्षांच्या नोकरीचा करारही मोडला आणि उत्पन्नही नाही. मुंबईला त्यांनी शिकवण्या केल्या, हिशेब तपासण्याची कामे केली, शेअर बाजारात लोकांना सल्ला देण्याचा धंदा काढून पाहिला. हा सल्ला देणारा कोण हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली, पगार महिना ४५० रुपये. त्या वेळी हा पगार चांगला होता. परळच्या चाळीतून एखाद्या मोठ्या घरात जाता आले असते. पण कुटुंब चाळीतल्या त्या दोन खोल्यांतच राहिले. रमाबाईंना घरखर्चाला मोजके पैसे मिळत आणि त्यात त्या महिना भागवीत. बाकीचे पैसे बाजूला पडत. कशासाठी, ते घरात सगळ्यांना माहीत होते.

मला विचाराल तर या चरित्रातले सर्वांत अवघड काम हे आहे. परीक्षा देणे सोपे म्हणायचे, निदान तिची तारीख तरी ठरलेली असते. पगार हातात येऊ लागल्यावर, मुले लहान असताना, विद्यापीठाने दिलेली चार वर्षांची मुदत डोळ्यांपुढे ठेवून दर महिन्याला तेच ठरवायचे, हे काम दीड वर्ष चालले. आणि ते एकट्या भीमरावांनी केलेले नाही. रमाबाईंच्या पाच मुलांपैकी फक्त यशवंत मोठा झाला, बाकीची लहानपणीच गेली. घरातल्या चणचणीची झळ कोणाला लागत होती हे यावरून समजावे.

जमलेल्या पैशांत कोल्हापूरचे शाहू महाराज यांनी भर घातली. नवल भथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले. मार्च १९२० मध्ये भीमरावांनी प्राध्यापकाची नोकरी सोडली. त्याच वर्षी ३१ जानेवारीला मूकनायक नावाचे पाक्षिक त्यांनी सुरू केले होते आणि मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी लोकांपुढे त्यांचे कौतुक केले होते. सार्वजनिक कामाला नुकता जोर आलेला, आणि नेमके तेव्हाच सगळे दुसऱ्यांवर सोपवून ते जुलैत बोटीत बसले. काहींना हे पटलेही नसेल. पण चार वर्षांतली तीन संपत आली होती.

३० सप्टेंबर १९२० रोजी ते पुन्हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या दारात होते. या वेळची फी ११ गिनी. गिनी म्हणजे २१ शिलिंग, म्हणजे एक पौंड आणि वर एक शिलिंग. तुमच्या आजोबांना विचारा, जुने दुकानदार महागड्या वस्तूंच्या किमती गिनीत सांगत.

पुढची अडीच वर्षे कशी गेली ते ऐका. राहण्याची जागा साधी. घरमालकीण सकाळी पावाचा तुकडा, त्यावर मुरंब्याचा पातळ थर, माशाचा एक तुकडा आणि चहा देई. मग चालत ब्रिटिश म्युझियमच्या गोल वाचनालयात. बसचे पैसे वाचवायला चालत. १९२१-२२ मध्ये ते किंग हेन्रीज रोडवर १० नंबरच्या घरात राहत होते. चॉक फार्म स्टेशनपासून हे घर जवळ आहे आणि तिथून म्युझियम अडीच-तीन मैल तरी आहे. वाचनालय बंद होईपर्यंत तिथेच बसायचे. दुपारच्या जेवणाला फाटा. कधी इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात, कधी लंडन विद्यापीठाच्या. रात्री घरमालकिणीकडून बोव्हरिल आणि काही बिस्किटे, आणि पुन्हा अभ्यास. दहाच्या सुमारास भूक असह्य झाली की एका ओळखीच्या भारतीयाने दिलेल्या पापडांतले चार पत्र्यावर भाजून कपभर दुधाबरोबर खायचे. खोलीतला सोबती मध्यरात्री उठून पाहायचा तर यांचा दिवा चालूच. आता निजा म्हटले तर सांगत की खायला पैसा नाही आणि झोपायला वेळ नाही.

इथे एक गमतीची गोष्ट सांगतो. बॅरिस्टर व्हायला नुसती परीक्षा देऊन भागत नसे. ठरलेल्या संख्येने इनच्या भोजनगृहात रात्रीची जेवणे जेवावी लागत. तरच सत्र भरले असे धरत. घरी पापडावर रात्र काढणाऱ्या विद्यार्थ्याला ग्रेज इनच्या सोळाव्या शतकातल्या दालनात वकिलांबरोबर जेवायला बसणे सक्तीचे होते, आणि त्या जेवणाचे पैसे त्यानेच भरायचे.

आता त्या आकड्याकडे वळू, ज्याने सुरुवात केली होती.

१९२० सालच्या सुरुवातीला रुपयाचा भाव एकदम चढला होता. सरकारने तो दोन शिलिंगांवर ठरवायचा प्रयत्न केला. पण वर्ष संपेपर्यंत तो घसरला आणि १९२१ मध्ये दीड शिलिंगाच्याही खाली गेला. ज्यांना हिशेब आवडतो त्यांनी करून पाहावा. एका शिलिंगात १२ पेन्स आणि एका पौंडात २० शिलिंग. रुपयाला दोन शिलिंग मिळत असतील तर पाच हजार रुपयांचे होतात ५०० पौंड. रुपयाला एक शिलिंग चार पेन्स मिळत असतील तर त्याच पाच हजारांचे होतात ३३३ पौंड आणि थोडे वर. मुंबईत कोणी चोरी केली नाही, लंडनमध्ये कोणी उधळपट्टी केली नाही, आणि तरी पैशांचा तिसरा हिस्सा नाहीसा झाला. हा झाला समजण्यापुरता हिशेब, पण रुपयांत साठवून पौंडांत खर्च करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यावर त्या साली अशीच वेळ आली होती. सप्टेंबर १९२१ मध्ये भीमरावांनी शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड कर्जाऊ मागितले, ते कायद्याची फी आणि परतीचे भाडे यांसाठी. रमाबाईंच्या पत्रांत पैशांची अडचण असे आणि यांच्या उत्तरांतही तीच.

आणि याच सुमारास ते लिहीत काय होते? त्यांच्या प्रबंधाचे नाव होते द प्रॉब्लेम ऑफ द रुपी, म्हणजे रुपयाचा प्रश्न. चांदीचा रुपया आणि सोन्याचा पौंड यांचे नाते कोण ठरवतो, ते बदलले की कोणाचा फायदा होतो आणि हिंदुस्थानातल्या गरीब माणसाच्या हातातल्या रुपयाची किंमत कोणाच्या निर्णयाने कमी होते, असा तो विषय. सरकारने चलनाची सूत्रे हातात ठेवून हवा तेवढा पैसा काढू नये, त्याला बंधन असावे, असे त्यांचे म्हणणे होते. विषय कागदावरचा खरा, पण लिहिणाऱ्याला त्याचा अनुभव दर आठवड्याला घरभाडे देताना येत असणार.

जून १९२१ मध्ये त्यांना एम. एस्सी. मिळाली. त्या प्रबंधाचा विषय होता ब्रिटिश हिंदुस्थानचे केंद्र सरकार आणि प्रांत यांच्यातली पैशांची वाटणी. जून १९२२ मध्ये ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टर केले. मधेच १९२१ साली जर्मनीत बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदवले होते. जर्मन भाषा ते शिकले होते. पण तिथला अभ्यास पुढे सरकला नाही. एक माणूस किती ठिकाणी पुरा पडणार?

राहिला रुपयाचा प्रबंध, ज्यावर डी. एस्सी. मिळायची होती. मार्च १९२३ मध्ये कळले की परीक्षकांना तो आहे तसा मान्य नाही. दुरुस्त करून पुन्हा द्या. यात ब्रिटिश राज्यावर फार कडक टीका होती म्हणून परीक्षक नाराज झाले, असे बहुतेक मराठी चरित्रांत तुम्हाला वाचायला मिळेल. कॉलेजने जपून ठेवलेल्या त्यांच्या कागदपत्रांत मात्र तसे कारण दिलेले नाही. मला वाटते, कारण कोणतेही असो, त्या पत्राचा विद्यार्थ्यावर होणारा परिणाम तोच. सहा वर्षे ज्यासाठी घालवली ते परत आले आणि खिशात राहण्यापुरतेही पैसे नाहीत. ते बोटीने मुंबईला निघाले. दुसऱ्यांदा, आणि डी. एस्सी.शिवाय.

या वेळी मात्र लंडनला परत यावे लागले नाही. परळच्या चाळीत बसून त्यांनी प्रबंध दुरुस्त केला. मते बदलली नाहीत, मांडणी बदलली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ऑगस्टमध्ये तो पुन्हा सादर झाला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये मान्य झाला. डिसेंबरात लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने तो पुस्तकरूपाने छापला. त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. त्यात त्यांनी काही मुद्दे आपल्याला पटत नसल्याचे स्पष्ट सांगून विचारांच्या ताजेपणाचे कौतुक केले आहे. शिक्षकाने असे करावे हे मला फार आवडते. दोन-तीन वर्षांनी हिंदुस्थानच्या चलनाची चौकशी करायला हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग आला, तेव्हा डॉक्टर आंबेडकरांनी त्याच्यापुढे साक्ष दिली.

पालकांसाठी थोडी माहिती. किंग हेन्रीज रोडवरचे ते घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथे स्मारक सुरू झाले. निवासी वस्तीत संग्रहालय नको अशी हरकत शेजारी निघाली आणि कॅम्डन कौन्सिलकडे प्रकरण गेले. मार्च २०२० मध्ये संग्रहालयाला परवानगी मिळाली. पत्ता शोधत जागा नाकारलेल्या माणसाच्या घराचा पत्ताही शंभर वर्षांनी वादात सापडला, पण टिकला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांचा अर्धपुतळा आहे. ग्रेज इनने २०२१ साली आपल्या एका खोलीला त्यांचे नाव दिले. म्युझियमचे गोल वाचनालय जागेवरच आहे. त्यातले ग्रंथालय मात्र १९९७ मध्ये सेंट पँक्रसच्या नव्या इमारतीत जाऊ लागले. एका शनिवारी चॉक फार्मला उतरून घर पाहावे आणि प्रिमरोज हिल उजवीकडे ठेवून म्युझियमपर्यंत चालत जावे. लहान मुले कुरकुर करतील, तेव्हा सोबत पापड घ्यावेत.

आता शेवटी त्यांच्या पुस्तकांतल्या पहिल्या पानांविषयी. पुस्तक ज्यांना वाहिलेले असते त्यांचे नाव तिथे असते. रुपयाचा प्रश्न हे पुस्तक त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीला वाहिले आहे, शिक्षणासाठी त्यांनी सोसले म्हणून. कोलंबियाच्या पदवीसाठी जे पुस्तक लागत होते ते १९२५ साली छापून झाले. ते वाहिले आहे सयाजीराव गायकवाडांना. दहा वर्षांची नोकरी झाली नव्हती, अकरा दिवसांत बडोदा सोडावे लागले होते, तरी महाराजांनी शिकवले ते विद्यार्थी विसरला नाही.

रमाबाई २७ मे १९३५ रोजी मुंबईत वारल्या. त्या लंडनला कधी आल्या नाहीत. १९४० साली डॉक्टर आंबेडकरांचे थॉट्स ऑन पाकिस्तान हे पुस्तक निघाले. विषय राजकारणाचा, घराशी काही संबंध नाही. त्याच्या पहिल्या पानावर रामू हे त्यांचे घरातले नाव आहे, आणि ज्या दिवसांत कोणी मित्र नव्हता, पैसा नव्हता, त्या दिवसांत त्यांनी शांतपणे जे सोसले त्याची नोंद आहे.